सुधारित विकास आराखड्यात गल्लीवर रस्तारुंदीची रेषा आली तर हरकत कशी घ्यायची? (कोल्हापूर, जुन्या पेठा)

गल्लीकर_ए_वॉर्ड

शहराच्या सुधारित विकास आराखड्याचा विषय निघाला की शिवाजी पेठेतल्या गल्ल्यांत दोन तट पडतात. रस्ता सहा-साडेसहा मीटरचा, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लावून घरं, त्यातली निम्मी दगडमातीची. एक गट म्हणतो, रुंदीकरण नकोच, सगळ्यांच्या सह्यांचं एक निवेदन द्यायचं. दुसरा म्हणतो, होऊ दे बारा मीटर, टीडीआर (सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घेऊ, घर नवं बांधू, अॅम्ब्युलन्स तरी दारात येईल.

नकाशात नेमकं काय बघायचं आणि हरकत कशी लिहायची, म्हणजे ती नुसती फायलीला लागणार नाही? टीडीआरमधून छोट्या घराला खरंच काही मिळतं का? भाडेकरूंचं काय? आणि पुराचं पाणी येतं त्या दुधाळीकडच्या लोकांना पूररेषेबद्दल काय मागता येईल? ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी सविस्तर सांगावं. "आंदोलन करा" एवढंच उत्तर नको.

---

नकाशा_वाचा_आधी

दादा, सह्यांचं निवेदन जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली की ती एका गटात बांधली जातात आणि सगळ्यांना मिळून एकच शेरा पडतो. ज्या हरकतीत सिटी सर्व्हे नंबर, मीटरमधलं माप आणि पर्याय आहे, तिच्यावर स्वतंत्र शेरा लिहावा लागतो. एका गल्लीतून नीट तयार केलेल्या वीस वेगवेगळ्या हरकती पाचशे झेरॉक्सपेक्षा जड पडतात.

आधी मुदत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप (आराखड्याचा मसुदा) जाहीर झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. हरकत कुणीही घेऊ शकतो, त्याला मालकच असावं लागत नाही. तीस दिवस भरपूर वाटतात, पण कागद गोळा करण्यात पंधरा जातात, म्हणून हे आत्ताच काढून ठेवा:

– मालमत्ता पत्रक, ताज्या तारखेचं, नगर भूमापन कार्यालयातून. वॉर्डाचं अक्षर आणि सिटी सर्व्हे नंबर दोन्ही हवेत. नुसता नंबर लिहिला तर तोच नंबर ई वॉर्डातही निघतो.
– त्याच कार्यालयातून चौकशी नोंदवही उतारा आणि हद्दीचा नकाशा.
– घरफाळ्याची चालू पावती.
– सध्याच्या मंजूर आराखड्याप्रमाणे झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा) आणि भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता तुकडा). बऱ्याच गल्ल्यांवर जुन्याच आराखड्यात रुंदीकरणाची रेषा आहे आणि लोकांना ती नवीन वाटते. जुनी रेषा असेल तर हरकतीची भाषा बदलते.

दुसरं, ती रेषा कोणत्या कायद्याची आहे ते बघा. विकास आराखड्यातला रस्ता वेगळा आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ठरणारी रस्त्याची नियमित रेषा वेगळी. बांधकाम परवाना मागताना दोन्ही आडव्या येतात, पण हरकतीचा मार्ग आणि भरपाईची वाट निराळी आहे.

आता माप. टेपने गल्लीची रुंदी निदान तीन जागी मोजा: दोन्ही टोकं आणि सगळ्यात अरुंद जागा. गटाराच्या बाहेरच्या कडेपासून नव्हे, भिंतीपासून भिंतीपर्यंत. नकाशावर रुंदी वाढताना ती मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी वाढवली आहे का एकाच बाजूला, हे तपासा. साडेसहाचा बारा करायचा म्हणजे साडेपाच मीटर हवेत, सारखे वाटले तर प्रत्येक बाजूला २.७५ मीटर. साडेचार मीटर तोंडाचं आणि नऊ मीटर खोलीचं घर असेल तर ४०.५ चौरस मीटरमधले जवळपास १२.४ जातात, उरतात २८. हा हिशेब हरकतीत प्रत्येक घराचा वेगवेगळा लिहा.

आणि "फक्त पुढचं जाईल, मागचं राहील" हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जुन्या घरात तुळयांची टोकं समोरच्या भिंतीत बसवलेली असतील तर ती भिंत पाडली की माळा खाली येतो. तुळया आडव्या असतील तर त्या शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीत आहेत, म्हणजे पाडकामाचा धक्का त्याच्या घरालाही बसणार. एकसंध दगडमातीची भिंत मधेच कापली की कापलेल्या कडेला बांध राहत नाही, आतली माती ओघळते आणि पहिल्या मोठ्या पावसात पोट फुगतं. म्हणून पेठेतलं पावणेतीन मीटरचं रुंदीकरण म्हणजे व्यवहारात संपूर्ण घराची पुनर्बांधणी. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं एक पानी पत्र जोडून हे लेखी मांडा.

---

रस्ता_हवा

वरचं सगळं मान्य, पण "रुंदीकरण नकोच" या गटाला माझा स्पष्ट विरोध आहे. अग्निशमनची गाडी अडीच मीटर रुंद असते. दोन्ही बाजूंना मोटारसायकली आणि मधे एक चारचाकी उभी असली की सहा मीटरच्या गल्लीत ती शिरत नाही. ज्या गल्लीत कडीपाटाची, लाकडी माळ्याची घरं दाटीवाटीने आहेत तिथेच ती गाडी अडते, हे कुणी विसरू नये.

मात्र सरसकट बारा मीटर मागण्याऐवजी तीन गोष्टी मागा.

एक, गल्लीच्या तोंडाचे कोपरे. गाडी अडते ती सरळ भागात नव्हे, वळणावर. दोन्ही कोपऱ्यांवर तिरका छेद मिळाला तर चार घरांची थोडी जागा जाते आणि सगळ्या गल्लीचा प्रश्न सुटतो. हरकतीत त्या कोपऱ्यांचे सिटी सर्व्हे नंबर देऊन "फक्त येथे कोपरा छेद दाखवावा" असं लिहा. त्या चार घरांशी आधी बोला, त्यांच्या पाठीमागे लिहू नका.

दोन, बाराऐवजी नऊ मीटर. नऊ हा आकडा हवेतला नाही. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, दाट वस्तीबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटला टीडीआर चढवता येत नाही. नियोजनकाराला नऊ मीटरची भाषा कळते.

तीन, पार्किंग. अंबाबाई मंदिराकडे येणाऱ्या गाड्यांनी गल्ल्या भरत असतील तर रस्ता कितीही रुंद करा, तो पार्किंगला जाणार. वाहनतळाची जागा पेठांच्या बाहेर दाखवा, ही सूचना रुंदीकरणाच्या हरकतीला जोडूनच द्या. त्यासाठी महापालिकेच्या किंवा शासनाच्या मोकळ्या जागेचा नंबर शोधून द्यावा लागेल. "कुठेतरी पार्किंग करा" याचा कुणालाही उपयोग नाही.

आराखड्यातलं रुंदीकरण एका दिवसात होत नाही, हेही लक्षात घ्या. जो मालक परवान्याला जातो तो मागे सरतो, शेजारचा वीस वर्षं तिथेच राहतो. मग गल्ली दातेरी होते, मागे सरलेल्या प्रत्येक खाचेत गाडी लागते, आणि वाहतुकीला मिळणारी रुंदी सगळ्यात पुढे असलेल्या घराएवढीच राहते. म्हणून टप्पा मागा: कोणता भाग कधी, आणि ताब्यासाठी पैसा कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात.

---

नकाशा_वाचा_आधी

@रस्ता_हवा, कोपऱ्यांचं तुमचं पटलं. नऊ मीटरबद्दल मात्र सावध. साडेसहाचा नऊ केला तरी प्रत्येक बाजूचे सव्वा मीटर जातात, आणि वर लिहिल्याप्रमाणे तुळया समोरच्या भिंतीत असतील तर सव्वा मीटर गेला काय आणि पावणेतीन गेले काय, घर पाडावंच लागतं. पर्याय सुचवण्याआधी गल्लीतल्या किती घरांच्या तुळया कोणत्या दिशेने आहेत याची यादी करा. हे काम दोन-चार पोरांना एका रविवारी जमेल.

टीडीआरचा हिशेब: नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ खाली जागा तीन वाटांनी घेता येते. बोलणी करून रोख मोबदला, एफएसआय (उरलेल्या जागेवरच जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर, किंवा भूसंपादन. दाट वस्तीत सोडलेल्या जागेच्या तिप्पट आणि बाहेर दुप्पट टीडीआर मिळतो. वरच्या उदाहरणात १२.४ चौरस मीटर सोडले की ३७ चौरस मीटरच्या आसपास. कागदावर बरं दिसतं. पण तो विकायचा तर ज्या प्लॉटवर वापरला जाणार तिथल्या रेडीरेकनर (सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या) दराच्या प्रमाणात तो कमी-जास्त होतो. पेठेतला जमिनीचा दर जास्त आणि उपनगरातला कमी असेल तर तिथे त्याचे चौरस मीटर वाढतात, उलट असेल तर घटतात. शिवाय इतक्या लहान प्रमाणपत्राला गिऱ्हाईक एकटं मिळत नाही. दहा-बारा घरांनी एकत्र प्रस्ताव केला आणि एकत्र विकला तरच भाव येतो. आणि ताबा देण्याआधी प्रमाणपत्र कधी मिळणार, हे लेखी घ्या.

जागेवरच एफएसआय घ्यायचा तर उरलेल्या २८ चौरस मीटरवर जिना, संडास आणि भिंतींची जाडी वजा जाता मजल्याला एक खोली धड निघत नाही. म्हणून लहान घरांनी रोख मोबदल्याची मागणी हरकतीतच नोंदवून ठेवावी.

---

पाणी_येतं_तिथला

दुधाळी, सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नरच्या भागासाठी लिहितो.

पूररेषा दोन. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, हिरवळ, मोकळी जागा, वाहनतळ, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, मैलाशुद्धीकरण असल्या गोष्टीच चालतात. जुन्या अधिकृत घराची पुनर्बांधणी पाटबंधारे खात्याच्या ना-हरकतीने, लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर करता येते. निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम चालतं, पण तेही त्याच उंचीवर.

गफलत इथेच होते. आपल्याला पाण्याची सवय पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, २०१९ आणि २०२१ ला ५५ च्या वर. ते बंधाऱ्यावरच्या पट्टीचे आकडे आहेत. नकाशावरची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते, आणि वाहत्या पाण्याला उतार असल्यामुळे वरच्या अंगाला पातळी बंधाऱ्यापेक्षा जास्त भरते. "बंधाऱ्याला ५५ म्हणजे आमच्या दारात इतकं" असं थेट गणित मांडलं की सुनावणीत ते एका वाक्यात खोडलं जातं. त्यापेक्षा भिंतीवर पुराची खूण आहे तिथून सर्व्हेअरकडून लेव्हल काढून घ्या, सिटी सर्व्हे नंबरसह फोटो जोडा. खूण नकाशातल्या रेषेच्या बाहेर पडत असेल तर तो पुरावा खोडायला अवघड आहे.

भरावाचं गणितही घाला. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर तीन मीटर भराव टाकला की सुमारे १२,१०० घनमीटर, म्हणजे एक कोटी एकवीस लाख लिटर पाण्याची जागा गेली. ते पाणी कुठे जाणार, हा प्रश्न विचारायचा हक्क पलीकडच्या गल्लीला आहे. त्यामुळे मागणी अशी करा की निळ्या रेषेच्या आतल्या मोकळ्या जमिनी बाग किंवा क्रीडांगण म्हणूनच दाखवाव्यात, रहिवासी क्षेत्रात नेऊ नयेत. नियमाने बांधकाम बंद असलं तरी नकाशावर रहिवासी क्षेत्राचा पिवळा रंग पडला की जमिनीचा भाव वाढतो, भरावाच्या गाड्या सुरू होतात आणि पुढे "आता ही जागा पाण्याखाली येत नाही" म्हणून रेषा सरकवण्याची मागणी येते.

आणि नाले. शाहूपुरीत नदी थेट येत नाही. पंचगंगेची पातळी जयंती नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाला उलटा चढतो आणि वरून आलेलं पावसाचं पाणीही त्यात अडकतं. नाल्याची रुंदी आराखड्यात आहे तेवढी अखंड दाखवा, काठाने मोकळी पट्टी ठेवा, आणि नाल्यावर स्लॅब टाकून रस्ता किंवा वाहनतळ दाखवला असेल तर तो काढा, या तीन मागण्या वेगवेगळ्या अर्जांत द्या. बंदिस्त नाल्यातला गाळ यंत्राने निघत नाही आणि पुलाच्या मोरीत प्लॅस्टिक अडकलं की तोच बंधारा होतो.

---

महाद्वार_दुकान

भाडेकरूंच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून. हे मंदिर परिसरातल्या सगळ्यांना लागू आहे.

मे २०२५ मध्ये चौंडीच्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या आराखड्याला १,४४५.९७ कोटींची मान्यता मिळाली. तो निधीचा आराखडा. तुमच्या मिळकतीवर त्याचा परिणाम दोन वाटांनी येऊ शकतो: विकास आराखड्यात आरक्षण (जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवणं), किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्याने थेट भूसंपादन. भूसंपादन असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेपासून ६० दिवसांत कलम १५ खाली हरकत घ्यायची, तिथे विकास आराखड्याचे ३० दिवस लागू नाहीत. भरपाई म्हणजे बाजारमूल्य अधिक तेवढीच दिलासा रक्कम (सोलेशियम), शहरात बाजारमूल्याचा गुणक १, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट.

पण ते मालकाला. भाडेकरू दुकानदार कुठे बसतो? संपादनाआधी किमान तीन वर्षं ज्याची मुख्य उपजीविका त्या जागेवर चालते ते कुटुंब कायद्याने बाधित कुटुंब आहे. त्यासाठी तीन वर्षांचा पुरावा हवा: भाडेपावत्या, दुकानाचं नोंदणीपत्र, स्वतःच्या नावाचं वीजबिल, जीएसटी. मालकाच्या नावाचं वीजबिल आणि तोंडी भाडं असेल तर आजपासून भाडं बँकेतून द्यायला लागा. कायद्याच्या परिशिष्टात छोट्या व्यापाऱ्याला एकरकमी मदत किमान २५,००० रुपये आहे. महाद्वार रोडच्या दुकानाला ही रक्कम काहीच नाही, म्हणून पुनर्वसनात पर्यायी गाळा, त्याचं क्षेत्रफळ आणि मंदिरापासूनचं अंतर लेखी मागा. आणि जागा थेट वाटाघाटीने मालकाकडून विकत घेतली जात असेल तर व्यवहार होण्याआधीच स्वतःच्या हक्काचं पत्र द्या. खरेदीखत झाल्यावर तुमचा वाद मालकाशी उरतो.

हातगाडी, फुलवाले, ओटीचं साहित्य विकणारे यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हलवण्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते आणि नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. आराखड्यावर सूचना देताना विक्री क्षेत्र कुठे, हे समितीतून ठरवून नकाशावर दाखवा अशी मागणी करा.

---

गल्लीकर_ए_वॉर्ड

सगळ्यांचे आभार. तुळयांची यादी करायचं काम या आठवड्यातच लावतो. दोन शंका राहिल्या. मालमत्ता पत्रकावर सहा नावं, त्यातले दोघे पुण्यात, एक हयात नाही. सह्या कुणाच्या? आणि सुनावणीत किती वेळ मिळतो?

---

नकाशा_वाचा_आधी

हरकत कुणीही एकाने घेतली तरी चालते. स्वतःच्या सहीने द्या, "इतर सहधारकांसह" असं लिहा आणि सहाही नावं लिहून ठेवा. मयताच्या वारसनोंदीचा अर्ज मात्र लगेच करा, हरकतीला अडत नाही पण मोबदल्याच्या वेळी नक्की अडतं. हरकत दोन प्रतींत नेऊन आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख दुसऱ्या प्रतीवर घ्या. पत्ता असा द्या की जिथे माणूस असतो, कारण सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. वेळ पाच मिनिटंही मिळेलच असं नाही. एक पान ठेवा: वर गल्लीचा नकाशा, त्यावर मोजलेली रुंदी, खाली तीन ओळींत मागणी. पहिलं वाक्य मागणीचंच असू दे, इतिहास मागाहून. गल्लीतून एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी आपापला नंबर सांगून "माझंही हेच, माझ्या घराचा हिशेब जोडला आहे" एवढंच म्हणायचं. समितीच्या अहवालाची प्रत मागून ठेवा. तुमची हरकत मान्य झाली आणि पुढे शासनाच्या मंजुरीत रेषा परत आली तर ती प्रत लागते. शासनाने मोठ्या स्वरूपाचा बदल केला तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात, त्यामुळे राजपत्रावरही लक्ष असू द्या.

---

जुनं_आरक्षण

ज्यांच्या जागेवर सध्याच्या आराखड्यातलं जुनं आरक्षण पडून आहे त्यांच्यासाठी, कारण त्यांची घाई तुमच्यापेक्षा मोठी आहे.

अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी सूचना (जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा, अशी नोटीस) देता येते. सूचना पोहोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन किंवा त्यासाठीची ठोस पावलं झाली नाहीत तर आरक्षण व्यपगत (संपुष्टात) होतं. नुसता ठराव किंवा प्रस्ताव पाठवणं म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलं आहे. सूचनेसोबत मालकीहक्काचे कागद जोडणं सक्तीचं आहे. ते नसले की सूचनाच ग्राह्य धरत नाहीत आणि दोन वर्षं वाया जातात.

बहुतेक जण चुकतात ते इथे: दहा वर्षं उलटली म्हणून आरक्षण आपोआप जात नाही. सूचना न देता बसलात, तेवढ्यात सुधारित आराखडा मंजूर होऊन तेच आरक्षण पुन्हा आलं, तर दहा वर्षं नव्याने मोजायला लागतात. म्हणून नव्या प्रारूपाची वाट न बघता मालमत्ता पत्रक, खरेदीखत आणि भाग नकाशा जोडून सूचना आयुक्तांच्या नावाने द्या. पोस्टाने पोचपावतीसह एक, हातोहात आवक शिक्क्यासह एक. चोवीस महिने पूर्ण झाले की आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश राजपत्रात काढावा म्हणून नगरविकास विभागाकडे वेगळा अर्ज करा. तो आदेश हातात नसेल तर बांधकाम परवान्याच्या टेबलावर तुमची जागा आरक्षितच धरली जाते.